भाषेला विशेषण लावताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर भाषेविषयी बोलायला एरवी कुणीतरी प्राध्यापक येतात. यंदा कार्यकारिणीने मला उभे केले आहे. मी पी-वे विभागातला माणूस. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांच्यातच आहे. (खडीला मी आता घरीसुद्धा गिट्टीच म्हणतो. झाशीत राहून दुसरे काय होणार!) तेव्हा भाषाशास्त्र माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण निबंध स्पर्धेच्या गुणांची बेरीज करण्याचे काम गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. आकडे आले की मंडळी इंजिनियर शोधतात. ते कागद चाळताना जे मनात आले ते आज सांगणार आहे.

परीक्षकांच्या कागदावर विषय, मांडणी, भाषा आणि अक्षर असे चार रकाने असतात आणि प्रत्येकापुढे शेऱ्याची जागा असते. विषय आणि मांडणी यांपुढे परीक्षक काहीतरी सांगतात. 'शेवट घाईत उरकला', 'मुद्दा दोनदा आला', असे. अक्षरापुढे 'सुवाच्य' किंवा 'गिचमिड' लिहितात, तेही समजते. 'भाषा' या रकान्यात मात्र चार वर्षांत मला मोजून सात शब्द सापडले : शुद्ध, अशुद्ध, छान, साधी, ओघवती, बोजड आणि एकदा नुसतेच 'बरी'. सव्वाशेहून अधिक मुलांची भाषा या सात विशेषणांत बसवलेली आहे. वधुपरीक्षेतही यापेक्षा जास्त बोलले जाते.

आता आमच्या कामातले एक उदाहरण देतो. एखादी गाडी जाताना डब्याला किंवा इंजिनाला आडवा झटका बसला, तर लोको पायलट पुढच्या स्टेशनला कळवतो. तो काही माप घेत नाही, त्याच्याकडे माप घेण्याचे साधनही नसते. त्याला फक्त जाणवलेले असते. पण तो 'ट्रॅक खराब आहे' असे सांगत नाही. अमुक किलोमीटर, अमुक मास्टच्या आसपास, झटका, असे सांगतो. त्यावर स्टेशन मास्टर मागच्या गाडीला कॉशन ऑर्डर देतो आणि आम्ही जागेवर जातो. गेज पाहतो, दोन रुळांची पातळी पाहतो, पॅकिंग पोकळ आहे का ते पाहतो. ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतले अंतर 1676 मिलिमीटर. ते किती वाढले किंवा किती कमी झाले, एवढेच वहीत लिहितो. वक्र असेल तर 20 मीटरची दोरी धरून मधोमध अंतर मोजतो. दोन अंशांच्या वक्राची त्रिज्या 875 मीटर, तिथे दोरीच्या मध्यापासून रूळ सुमारे 57 मिलिमीटर दूर असायला हवा. आमच्या वहीत 'तीव्र वळण' किंवा 'भयंकर वळण' असे कुणी लिहीत नाही, आणि लिहिले तर वरचे साहेब विचारतील, म्हणजे किती?

भाषेला फूटपट्टी लावा असे माझे म्हणणे नाही. लोको पायलटचा झटका हेसुद्धा विशेषणच आहे, आणि ते मनाचे आहे. फक्त त्याला जागा जोडलेली आहे. त्यामुळे दुसरा माणूस तिथे जाऊन पाहू शकतो आणि दुरुस्तीही करू शकतो. भाषेवरचा शेरा असा का नसावा, एवढाच माझा प्रश्न.

सगळ्यात जास्त वेळा आलेले विशेषण 'अशुद्ध'. त्याच्यापाशी थोडा थांबतो.

'शुद्ध' म्हणताना आपण निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार नियमाप्रमाणे असणे. हे नियम माणसांनी ठरवलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम महाराष्ट्र शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि 1972 मध्ये त्यांत भर पडून ते 18 झाले. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'जेव्हां' असे अनुस्वार देऊन लिहिणारा माणूस शुद्ध लिहीत होता. आपल्या आजोबांची पत्रे कुणी जपली असतील तर काढून पाहा. आजोबा तेच, अक्षर तेच, पण आजच्या परीक्षकाने ते पत्र तपासले तर शाई पुरणार नाही. म्हणूनच हल्ली पुष्कळ जाणकार शुद्धलेखनाऐवजी 'प्रमाणलेखन' म्हणतात. मला तो शब्द पटतो. प्रमाण म्हणजे ठरवून घेतलेले माप. आमचे 1676 मिलिमीटरही ठरवून घेतलेलेच आहे. मीटरगेजचा रूळ काही अपवित्र नसतो.

दुसरा अर्थ, परके शब्द नसणे. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतला 'शुद्ध' तो हा. महापौर, दिनांक असे शब्द त्या चळवळीने दिले आणि आज ते आपण सहज वापरतो. माधव जूलियन स्वतः फारसीचे प्राध्यापक, तरी 1938 मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक लिहिले. ती सगळी जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका होती, तिच्यावर वाद झाले, आणि वाद घालता येतो अशीच ती होती. तिसरा अर्थ कुणी उघड सांगत नाही. तो म्हणजे पुण्यातल्या काही पेठांत बोलतात तसे बोलणे.

आता पोराने कागदावर 'अशुद्ध' वाचले तर त्याने यांतले काय समजायचे? वेलांटी चुकली? हिंदी शब्द आला? की आपण झाशीला जन्मलो तेच चुकले?

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने 'माझी आजी' या विषयावर निबंध लिहिला होता. वय अकरा. शेरा होता, 'भाषा अत्यंत अशुद्ध'. मी तो निबंध सवयीप्रमाणे मोजला. शब्द सव्वादोनशे, चुकीच्या जागा अकरा. त्यांतल्या सात ठिकाणी लिंग हिंदीप्रमाणे होते. 'माझी पुस्तक', 'आजीची आवाज', 'तिची विजय झाली'. हिंदीत पुस्तक, आवाज, विजय हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. मुलगी दिवसभर शाळेत तेच ऐकते. तीन ठिकाणी शब्द मराठीतही असलेला, पण हिंदी अर्थाने वापरलेला. 'आजीने लग्नानंतर शिक्षा पूर्ण केली' हे वाक्य वाचून मी आधी हसलो. मराठीत त्याचा अर्थ आजी तुरुंगात जाऊन आली असा होतो. (काही आज्या या वाक्याला दोन्ही अर्थांनी मान डोलावतील.) 'आजी सगळ्या संसारात प्रसिद्ध होती' हे दुसरे, 'तिने खूप चेष्टा केली' हे तिसरे. आणि उरलेली एक चूक वेलांटीची. बस, इतकेच. बाकी दोनशेहून अधिक शब्द जागच्या जागी होते. आजी स्वेटर विणताना टाके ओठांतल्या ओठांत मोजते आणि मध्ये कुणी बोलले तर उत्तर न देता फक्त बोट वर करते, असे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्याला कुणी काहीही विशेषण दिले नव्हते.

पुढच्या वर्षी त्या मुलीचे नाव यादीत नव्हते. तिचे वडील लोको पायलट आहेत, माझ्या ओळखीचे. लॉबीबाहेर भेटले तेव्हा विचारले. म्हणाले, "ती आता हिंदीच्या स्पर्धेत लिहिते साहेब, तिथे नंबर येतो." मग थोडे थांबून म्हणाले, "आम्ही नुसता झटका बसला म्हणून सांगितलं, तर तुमचा पहिला प्रश्न असतो, कुठे. माझ्या पोरीला कुठे ते कुणी सांगितलंच नाही."

मी या विषयावर बोलायला तयार झालो त्याचे कारण हे आहे. महाराष्ट्रात एखाद्या मुलाला 'अशुद्ध' म्हटले तर ते हिरमुसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मराठीतच भांडते. त्याला दुसरी वाट नसते. इथल्या मुलाला दुसरी वाट घराच्या दारातच आहे, रुंद आणि सोपी. एका विशेषणाने ते रूळ बदलते आणि परत येत नाही. त्या शेऱ्याच्या जागी 'सात ठिकाणी लिंग हिंदीप्रमाणे, तीन शब्द हिंदी अर्थाने' असे लिहिले असते तर मुलीला दोन संध्याकाळी पुरेल एवढाच अभ्यास होता. कार्यकारिणीपुढे मी तेवढेच ठेवले आहे की, भाषेच्या रकान्यात एकच विशेषण लिहायचे नाही, निदान एक जागा दाखवायची. आणि एक आवडलेली जागासुद्धा. अध्यक्षांनी मान हलवली आहे, ती होकाराची होती असे मी धरून चालतो.

आता आपल्या मोठ्यांच्या भाषेकडे येतो, कारण विशेषणे लावण्यात आपणही मागे नाही. पुण्याची मराठी शुद्ध, कोकणातली गोड, कोल्हापूरची रांगडी, नागपूरची हिंदाळलेली. हे आपण वर्षानुवर्षे लिहितो आणि ऐकतो. पण रांगडी म्हणजे नेमके काय, हे विचारले तर उत्तर येत नाही. कोल्हापूरकडे बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, हे सांगितले तर कळते. नागपूरकडे 'मी करत आहे' याऐवजी 'मी करून राहिलो' म्हणतात, हेही कळते. ते रूप हिंदीतल्या 'कर रहा हूँ'च्या वळणाचे आहे आणि काम चालू आहे एवढेच ते नीट दाखवते. 'हिंदाळलेली' म्हटल्याने यांतले काहीच कळत नाही. बोलणाऱ्याला आपण कुठल्या रांगेत उभे करतो, तेवढे मात्र कळते. बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये त्यांच्या कविता छापून आल्या. त्या खानदेशी बोलीला एखाद्या शाळामास्तराने लाल शाईने 'अशुद्ध' लिहिले असते तर नियमाने तो चुकला नसता, हीच तर भीती आहे.

एका विशेषणाबद्दल स्पष्टच बोलतो. मिश्र भाषेला 'धेडगुजरी' म्हणण्याची छापील मराठीत सर्रास रीत आहे. चांगले चांगले लेखक वापरतात. त्या शब्दात एका जातीला हिणवणारे नाव बसलेले आहे. भाषेत सरमिसळ आहे हे सांगायला 'सरमिसळ' हा शब्द पुरतो. आपल्या स्मरणिकेत तो दुसरा शब्द यापुढे येऊ नये अशी संपादकांना माझी विनंती आहे.

विशेषणांना पक्की कसोटी लावण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. 'प्रासादिक', 'ओजस्वी', 'मधुर' हे शब्द आपण पुस्तकांच्या परीक्षणांत आणि सत्काराच्या मानपत्रांत उधळतो. हे संस्कृत काव्यशास्त्रातले गुण : प्रसाद, ओज, माधुर्य. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने 'काव्यप्रकाश' लिहिला, त्यात प्रत्येक गुणाबरोबर अक्षरांची आणि समासांची मोजदाद दिली आहे. माधुर्यात ट, ठ, ड, ढ नकोत, अनुनासिकाला जोडून त्याच वर्गातले अक्षर आलेले चांगले, समास नसावेत किंवा बेताचे असावेत. ओजात उलट. ट-वर्ग हवा, खणखणीत जोडाक्षरे हवीत, समास लांब चालतील. आणि प्रसाद कसा, तर वाळलेल्या लाकडात विस्तव पसरावा तसा अर्थ मनात लगेच पसरला पाहिजे. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमचे स्पेसिफिकेशनच आठवले. मम्मटाशी कुणाचे पटेल, कुणाचे पटणार नाही. पण त्याने 'मधुर' म्हटले तर कुठे बोट ठेवायचे हे त्याला ठाऊक होते. त्याची विशेषणे आपण ठेवली आणि कसोट्या वाटेत कुठेतरी सांडल्या.

'ओघवती' हे तर आता नुसते मीठ झाले आहे, सगळ्यांवर चिमूटभर. ज्या पुस्तकाबद्दल दुसरे काही सुचत नाही त्याची शैली ओघवती असते. तुम्हाला खरोखर ओघ जाणवला असेल तर सांगा की, चाळीस पाने एका बैठकीत झाली आणि अर्थ लागला नाही म्हणून एकदाही मागे जावे लागले नाही. लेखकाला यात जास्त आनंद आहे.

'बोजड'चेही तसेच. आमच्या खात्यातल्या हिंदीवर बाहेरचे लोक 'लौहपथगामिनी'चा विनोद करतात. मी तो शब्द फायलीत कधी पाहिलेला नाही. खरा बोजा अवघड शब्दांचा नसतोच. 'कार्यक्रमाचे आयोजन करण्यात येऊन तो उत्साहात संपन्न करण्यात आला' या वाक्यात एकही शब्द अवघड नाही. (सचिवांनी रागावू नये, उदाहरण घरचेच असावे.) पण कुणी केले? मंडप कुणी बांधला, खुर्च्या कुणी आणल्या, रात्री दोन वाजता झाडू कुणी मारला? वाक्यात करणारा माणूसच नाही. अशा भाषेला मी बोजड न म्हणता 'कर्ता हरवलेली' म्हणेन. मग दुरुस्ती काय करायची हे विशेषणातच येते : नावे घाला.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत आणखी एक विशेषण आपल्याकडे आले आहे, 'अभिजात'. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांनाही तो मिळाला. आनंद झाला, आपण पेढेही वाटले. गंमत म्हणजे भाषेच्या सगळ्या विशेषणांत मोजमाप ठरवून दिलेले असे हे एकच. 2004 मध्ये तमिळला दर्जा देताना अट होती हजार वर्षांपेक्षा जुन्या साहित्याची. पुढच्याच वर्षी ती दीड ते दोन हजार वर्षांवर नेली. पहिली गाडी गेल्यावर मर्यादा बदललेली पाहून आमच्यासारख्यांना जरा चुकल्यासारखे वाटते, पण असो. मुद्दा असा की, ते विशेषण आपल्या साहित्याच्या वयाचे आहे. आज सकाळी आपण लिहिलेल्या पत्राचे नाही आणि आपल्या बोलण्याचेही नाही. भाषणांत हल्ली 'आपण अभिजात मराठी बोलतो' असे ऐकू येते. आपण बोलतो ती झाशीची मराठी, आणि तिला स्वतःचे वर्णन हवे आहे.

त्यासाठी मला एका साहेबाची युक्ती आवडते. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत मराठीचा खंड 1905 मध्ये निघाला. प्रत्येक बोलीतून एक ठरावीक गोष्ट, बायबलमधली उधळ्या मुलाची, लिहवून घेतली आणि ती छापली. बोलीला काय म्हणायचे ते नंतर ठरवा, आधी नमुना समोर ठेवा. गावोगावच्या बोलींत तीच गोष्ट वाचली की विशेषणांची फारशी गरजच उरत नाही.

आपल्या मंडळात अजून एक कुरबूर आहे, ती सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून बोलतो. अठराव्या शतकात, नारो शंकराच्या सुभेदारीच्या काळापासून इथे मराठी घरे आली. त्या जुन्या घरांना आम्हा रेल्वेवाल्यांची मराठी 'बाजारी' वाटते, आणि आमच्यातले काही त्यांच्या मराठीला 'जुनाट' म्हणतात. दोन्ही विशेषणे पाठीमागे बोलली जातात आणि दोन्ही योग्य ठिकाणी पोचतात.

या गावाला त्याचा अनुभव जुना आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या वेढ्यात झाशीच्या किल्ल्याच्या परिसरात होते. त्यांनी पुढे 'माझा प्रवास' लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये तो छापला, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढले. म्हणजे विष्णुभटांनी स्वतः जसे लिहिले तसे वाचायला लोकांना आणखी 59 वर्षे थांबावे लागले. वैद्यांचे उपकार आहेतच, त्यांच्यावाचून ती हकीकत आपल्यापर्यंत आली नसती. पण वाक्य जसे होते तसेच मिळाले, तर त्याला काय म्हणायचे ते वाचणारा ठरवतो.

जुन्या घरांत ऐंशीच्या पुढच्या ज्या आजी-मावश्या आहेत, त्यांची मराठी जुनाट की अस्सल यावर मला वाद घालायचा नाही. मला त्यांची दहा-दहा वाक्ये हवी आहेत. लग्नाची, स्वयंपाकाची, भांडणाची, कसलीही. दोन-तीन घरांनी होकार दिला आहे. रेल्वे कॉलनीतल्या गृहिणींचीही तशीच दहा वाक्ये घेऊ आणि पुढच्या स्मरणिकेत दोन्ही शेजारी शेजारी छापू, वर कुठलेही विशेषण न लावता. वही माझ्याकडे आहे, लिहून घ्यायला ती निबंधवाली मुलगी यायला तयार झाली आहे. रविवारी माझी इन्स्पेक्शन ट्रॉली निघत नाही. दुपारी चारनंतर आम्ही दोघे येऊ. चहा चालेल.

गणपती बाप्पा मोरया!